आत्याची पावडर आणि बाबांचा क्यू

आमच्या आत्याने एकतीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगितली, हसू नका. आणि सांगणारी बाई कशी, तर एकदा हसायला लागली की उचकी लागेपर्यंत थांबत नाही, आणि उचकी लागली की तिला त्या उचकीचंच हसू येतं. पासपोर्टचे फोटो काढायचा तिचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर चपलांचं दुकान आणि चावीवाला यांच्या मधली एक लांबुळकी खोली. एक स्टूल, एक पांढरा पडदा, एक आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा (न बांधलेले चार कंगवे लोकांनी नेले होते) आणि एक पावडरचा डबा.

त्या डब्याबद्दल आधी सांगते, कारण पुढे सगळी भानगड त्याच्याभोवतीच आहे. आत्याचं म्हणणं, माणसाचा चेहरा म्हणजे निम्मं तेल. फ्लॅश पडला की कपाळ चमकतं, नाक चमकतं, आणि टक्कल असेल तर विचारूच नका. म्हणून गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ती पफ घेऊन पुढे यायची, "डोळे मिटा" म्हणायची आणि थप थप थप. बँकेचा साहेब असो की ओझी उचलणारा, तिच्यापुढे सगळे पांढरे. एका फौजदाराला ऐन वेळी शिंक आली तर त्यालाच रागावली होती. "चकाकी आली की पावडर," हा तिचा नियम. जगात दुसरा नियम तिने पाळल्याचं मला आठवत नाही.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते पूलचे क्यू बनवतात. हिरव्या टेबलावर ज्याने चेंडू ढकलतात ना, ती लांब काठी. पण काठी म्हणायचं नाही हं. बाबांसमोर कुणी काठी म्हटलं की ते म्हणतात, "काठी म्हाताऱ्यांची असते, गुराख्याची असते. हा क्यू आहे." आत्या त्याला आयुष्यभर काठी म्हणत आली आहे आणि मुद्दाम म्हणत आली आहे.

बाबांना सगळे सरळ्या म्हणतात. क्यू सरळ आहे की नाही हे बघायला तो टेबलावर गडगडवून बघतात. सरळ असला तर गुपचूप जातो, वाकडा असला तर नाचतो. या सवयीने माणसाचं डोकं असं फिरलंय की आमच्या घरात गोल, लांब असं काही गडगडल्याशिवाय आत येत नाही. झाडूचा दांडा, पडद्याची नळी, माझ्या शिवणाच्या दुकानातल्या कापडाच्या ताग्याचं लाकूड. पहिल्यांदा आईच्या माहेरी गेले तेव्हा म्हणे स्वयंपाकघरात शिरून लाटणं ओट्यावर गडगडवून पाहिलं आणि म्हणाले, "जरा बाक आहे." आई अजून ऐकवते.

तर या सरळ्याचं लाकूड कातायचं लेथ मशीन पहिली अकरा वर्षं आत्याच्या स्टुडिओच्या मागच्या भागात होतं. जागा घ्यायची ऐपत नव्हती. मधे एक प्लायवूड. पुढे पावडर उडायची, मागे भुसा उडायचा. पासपोर्टचा फोटो काढायला आलेलं माणूस दोन्हीकडून पांढरं होऊन घरी जायचं. फोटोच्या वेळी मशीन बंद ठेवायचं असं ठरलं होतं. आत्या प्लायवूडवर दोन टकटक करायची, मशीन थांबायचं, फोटो निघायचा, एक टकटक, मशीन सुरू. अकरा वर्षं हे असंच चाललं. भांडणंही रोज व्हायची, पण टकटक कधी चुकली नाही.

आता मुद्द्याचं. बाबांनी सव्वीस वर्षांत शेकड्यांनी क्यू केले आणि त्यातल्या एकावरही त्यांचं काही नाही. सगळे एका मोठ्या दुकानाला जातात, आणि दुकान त्यावर आपलं सोनेरी स्टिकर लावतं. चांगले चांगले खेळाडू बाबांच्या क्यूने खेळतात, आणि स्टिकरवाल्याचं कौतुक करतात. बाबा म्हणायचे, "जाऊ दे, खेळणाऱ्याला कळतं." मला तर हे ऐकलं की डोक्यात जायचं. काय कळतं? कुणाला कळतं? कळायला काही दिसायला नको?

मग या वर्षी कारागिरांच्या एका मोठ्या प्रदर्शनाची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. क्यू बनवणाऱ्यांसाठी वेगळा विभाग. दहाच क्यू निवडणार, आणि निवड फोटोवरून. अट एकच पण कडक: करणाऱ्याची स्वतःची खूण क्यूवर असली पाहिजे आणि फोटोत ती स्पष्ट दिसली पाहिजे, नाहीतर अर्ज बाद. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

मी बाबांच्या मागे लागले. चार महिने ते काही बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी कपड्यात गुंडाळलेला क्यू आणून माझ्यासमोर ठेवला. वरचा भाग फिकट लाकडाचा, मूठ काळ्या लाकडाची, आणि मुठीवर नखाएवढी, शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली खूण. एक उभी रेघ आणि शेजारी एक छोटी चौकट. त्यावर पॉलिशचे आठ हात. बघत राहावं असा होता. मी विचारलं, "ही खूण म्हणजे काय?" तर म्हणाले, "फॉर्ममध्ये लिहिलंय." फॉर्म त्यांच्या खिशात घडी घालून होता, आणि तो काही त्यांनी दाखवला नाही.

मी आपली फोनवर फोटो काढायला गेले. काय आलं म्हणता? या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी पट्टी. काळ्या मखमलीवर ट्यूबलाइट झोपवलीय असं वाटत होतं. आणि खूण? खूण त्या पांढऱ्या पट्टीच्या बरोब्बर खाली गडप. वाकडी झाले, तिरकी झाले, खुर्चीवर चढले. पट्टी माझ्याबरोबर फिरत राहिली. बाबा शेजारी उभे राहून म्हणत होते, "चमक काय आलीय बघ." मी म्हटलं, "बाबा, ती चमक नको आहे." त्यांना ते काही केल्या पटेना. ज्या माणसाने सव्वीस वर्षं फक्त चमक आणण्यासाठी हात झिजवले, त्याला जाऊन सांगा की चमक नको.

आत्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण आत्या तेव्हा रुसलेली होती, म्हणजे आमच्यावर नाही, जगावर. पासपोर्टवाल्यांनी आता तिथेच खिडकीवर फोटो काढायला सुरुवात केली होती, आणि तीन महिन्यांपूर्वी तिने स्टुडिओला कुलूप लावलं होतं. कॅमेरा डब्यात, डबा कपाटात, आणि आत्या दिवसभर घर घासत बसलेली. तिच्या घरात फरशीवर पाय ठेवायची भीती वाटायची.

"मी माणसांचे फोटो काढते," ती म्हणाली. "काठ्यांचे नाही."

"क्यू," बाबा म्हणाले.

"काठी."

"ताई, शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचाय गं," बाबा म्हणाले. बाबा कधी कुणाला विनंती करत नाहीत. आत्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि कपाट उघडायला उठली. वर पुटपुटली, "खांद्यापर्यंतच काढणार हं, मला त्याच्या पुढचं येत नाही."

गुरुवारी सकाळी आमची बाहेरची खोली पालथी झाली. पलंग भिंतीला, जेवायचं टेबल मधे, त्यावर माझ्या दुकानातली काळी मखमल. आत्याने दोन दिवे लावले, कॅमेरा तिपाईवर चढवला आणि सवयीने म्हणाली, "हनुवटी जरा खाली." मग आपण कुणाशी बोलतोय हे तिच्या लक्षात आलं आणि पहिली पाच मिनिटं हसण्यात गेली.

पहिला फोटो: पट्टी. दुसरा: दोन दिवे म्हणून दोन पट्ट्या. आत्याने नाक मुरडलं, पिशवीत हात घातला आणि मला काही कळायच्या आत पफ काढून क्यूवर थप थप थप.

बाबांच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. "ताई, आठ हात आहेत त्याच्यावर. प्रत्येक हात दोन दोन दिवस वाळवलाय."

"म्हणून तर चमकतोय."

"पावडर खेळणारे हाताला लावतात. क्यूला नाही."

"तू गप्प बस. मी फौजदाराला लावलीय, ही काठी काय चीज आहे."

आणि खरं सांगू, पावडरीने चकाकी गेली. पण क्यू असा दिसायला लागला की कुणी तरी पिठाच्या डब्यातून काढलाय. खुणेच्या खाचेत पावडर बसली. बाबा मूग गिळून उभे होते. आई म्हणाली, आधी चहा घ्या. चहा झाला. परत येऊन बघतो तर क्यू पुन्हा लखलखीत, पहिल्यापेक्षा जास्त. आत्याला वाटलं, पावडर उडाली. पुन्हा थपथप, पुन्हा फोटो. मग जेवण. जेवून येतो तर पुन्हा लखलखीत. दुपारी तीनपर्यंत हा खेळ चार वेळा झाला, आणि दर वेळी चकाकी वाढतच गेली. आत्या दिवे हलवून हलवून घामाघूम. "हे लाकूड आहे की भूत?" तिने मला विचारलं.

तेवढ्यात तिला मेणाचा वास आला. एकतीस वर्षं लोकांची तोंडं जवळून बघितलेली बाई, तिच्या नाकाशी खेळ नाही. सरळ बाबांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पिवळं फडकं बाहेर ओढलं. मेणाने चिकट झालेलं. हा माणूस आम्ही आत गेलो की क्यू पुसून वर मेण घासत होता.

"अरे, मी इथे सकाळपासून चकाकी मारतेय आणि तू आणतोयस?"

"फोटो काढायचाय ना," बाबा म्हणाले, अगदी निरागसपणे. "मग जरा बरा दिसायला नको? फोटोला जाताना माणूस तोंड धुतो की नाही?"

"धुतो. तेल चोपडून येत नाही."

मी भडकले होते. दिवस गेला, एक्केचाळीस फोटो, एक कामाचा नाही, आणि हे दोघं भांडतायत. मी म्हटलं, "तुम्ही दोघं मिळून बाबांचा अर्ज बुडवणार आहात." बाबांनी फडकं घडी करून माझ्या हातात दिलं. आत्याने पफ डब्यात टाकला, झाकण लावलं आणि घरी गेली. मला वाटलं, संपलं.

शुक्रवारी नऊच्या ठोक्याला ती दारात हजर. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "चष्मा."

"काय चष्मा?"

"चष्मेवाल्या गिऱ्हाइकांच्या काचांना मी कधी पावडर लावली का? नाही ना? मग काय करायचे मी? दिवे बंद. खिडकीला पांढरा पडदा. आणि मान जराशी वळव, इकडे नाही, तिकडे, अजून जरा, बास. काच आपोआप साफ. गाढव आहे मी. काठीला नाक समजले, ती चष्मा आहे."

"क्यू," बाबा म्हणाले, पण हळूच.

मग काय विचारता. दोन्ही दिवे बंद. टेबल खिडकीशी. माझ्या दुकानातून अस्तराचं पांढरं कापड आणलं, ते अख्ख्या खिडकीवर ताणून बांधलं, म्हणजे उजेड चाळून आल्यासारखा मऊ झाला. समोरच्या बाजूला आईने काळी चादर धरली, तिकडून उजेड उडून क्यूवर पडू नये म्हणून. पांढरी पट्टी होती अजून, पण आता नुसती मऊ रेघ झाली होती. आत्या म्हणाली, "एवढी राहू दे, ती नसेल तर गोल काठी सपाट दिसेल. फक्त खुणेवरून बाजूला जायला पाहिजे. सरळ्या, मान वळव तिची."

आणि इथे बाबांचा हात लागला. त्यांनी एका बोटाने क्यू फिरवला, केसभर. पट्टी खुणेवरून सरकली. अजून केसभर. कडेला गेली. सव्वीस वर्षं क्यू गडगडवणारं ते बोट, त्याला केसभर म्हणजे किती ते ठाऊक होतं. "थांब," आत्या म्हणाली. बाबा थांबले. आत्याने बटण दाबलं, आणि मी उडीच मारली, कारण कॅमेऱ्याच्या पडद्यावर खूण दिसत होती.

पण खुणेच्या अगदी डोक्यावर एक पांढरा ठिपका होता. काकडीच्या बीएवढा, लांबट, स्वच्छ चकाकणारा.

साडेअकरा वाजले होते. आम्ही शोधायला लागलो. भिंतीवरच्या घड्याळाची काच असेल, घड्याळ काढलं. बी तिथेच. आईच्या बांगड्या असतील, बांगड्या काढल्या. शिवताना घालायची माझी धातूची टोपी बोटातच राहिली होती, ती काढली. फ्रिजच्या मुठीवर टॉवेल टाकला. समोरच्या गच्चीवर पाण्याची नवीकोरी टाकी होती, तिच्या मालकाला जाऊन मी चादर टाकायची परवानगी मागितली, तो माझ्याकडे बघतच राहिला, पण टाकू दिली. बी तिथेच. कधी जरा डावीकडे, कधी उजवीकडे, पण प्रत्येक फोटोत हजर. आत्या म्हणाली, "ही हलते. ही जिवंत आहे."

दोन वाजले, तीन वाजले. कुणी जेवलं नाही. बाबा सकाळपासून टेबलाच्या पलीकडे, बोट क्यूच्या टोकाला लावून वाकून उभे होते. बोट काढायची सोय नव्हती, कारण क्यू इतका सरळ की बोट काढलं की गडगडायचा. मी कणकेचा गोळा लावू म्हटलं तर म्हणाले, "माझ्या क्यूला कणीक?" तो विषय तिथेच संपला. सव्वातीनला ते म्हणाले, "ताई, राहू दे. नाही जमत तर नाही. सव्वीस वर्षं काही अडलं नाही." आणि हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

आत्याने कॅमेरा माझ्या कॉम्प्युटरला जोडला आणि तो ठिपका मोठा करायला लागली. मोठा केला. अजून मोठा केला. पडद्याला नाक लावून बघितलं. मग तिच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं, रडतेय.

"बीला," ती म्हणाली, आणि तिला पुढे बोलता येईना. "बीला चष्मा आहे."

मी वाकून बघितलं. ताणून लांब केलेला, दोऱ्याएवढा बारीक एक चेहरा, त्याला चष्मा, आणि चष्म्याच्या वर लखलखणारं, वाढत वाढत गेलेलं ते काकडीचं बी. आम्ही तिघी एकदम मागे वळलो. बाबा टेबलावर वाकलेले होते, खूण नीट येतेय की नाही हे बघायला मान पुढे काढून, आणि खिडकीचा सगळा उजेड त्यांच्या टकलावर पडला होता. जिथे खूण तिथे ते. काखेत कळसा म्हणतात तो हा. आम्ही समोरच्या गच्चीवरच्या टाकीला चादर घालून आलो होतो.

मग जे हसणं सुरू झालं ते काही थांबेना. आई चादरीसकट खाली बसली. आत्याला उचकी लागली. बाबांना आधी काही कळेना, "काय झालं? कुठे आहे?" असं विचारत ते डोकं इकडे तिकडे फिरवत होते आणि पडद्यावर काही नसताना आम्हाला ते बी फिरताना दिसत होतं. कळलं तेव्हा तेही हसायला लागले, पण बोट क्यूवरून हललं नाही. पोटभर हसून झाल्यावर आत्याने डोळे पुसले, पिशवी उघडली आणि डबा काढला.

"ताई, नाही हं."

"डोळे मिट."

थप थप थप. एकतीस वर्षांत तिने एवढ्या प्रेमाने कुणाला पावडर लावली नसेल. पार मानेपर्यंत. बाबा पांढरेशुभ्र होऊन, डोळे मिटून उभे, एक बोट क्यूवर. आत्या कॅमेऱ्यामागे गेली. "हसू नका," तिने हुकूम सोडला, आणि स्वतःच उचकी दिली. पाच फोटो उचक्यांनी हलले. सहाव्याच्या वेळी तिने श्वास कोंडून धरला, टेबलावर दोनदा टकटक केलं, सवयीने, आणि बाबाही सवयीने दगडासारखे स्तब्ध झाले. बटण दाबलं. मग एक टकटक.

चार वाजून बावीस मिनिटं. बी नाही, पट्टी नाही, कडेला एक मऊ रेघ. काळं लाकूड खोल दिसत होतं, आत बोट बुडेल असं.

बाबांनी खिशातून फॉर्म काढला आणि मी तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला बसले. आत्या शेजारी खुर्ची ओढून खूण मोठी करून बघत होती, कुठे चकाकी राहिली का म्हणून. दोन दिवस ती त्या खुणेपुढे बसली होती, पण तिने खूण बघितलीच नव्हती, चकाकीच बघत होती. आता बघितली. "ही रेघ ठीक आहे," ती म्हणाली. "ही चौकट कसली रे? खिडकी आहे का?" मग चष्मा वर करून अजून जवळ गेली. "आत काहीतरी आहे. डोकं आहे का हे? डोकं आणि खांदे?"

बाबा खिडकीवरचं अस्तर सोडायला गेले. मी फॉर्मवर रकाना बघितला, खुणेचा अर्थ. बाबांच्या अक्षरात, ओळीवर ओळ अगदी सरळ. मी मोठ्याने वाचलं:

"सरळ रेघ म्हणजे मी. चौकट म्हणजे माझी ताई. ती पासपोर्टचे फोटो काढायची. माझं मशीन अकरा वर्षं तिच्या दुकानात होतं. ती नसती तर हा क्यू नसता."

आत्याच्या उचक्या थांबल्या होत्या. बाबा खिडकीशी पाठमोरे, मानेवर पावडर, अस्तराची गाठ सोडवतायत, आणि ती गाठ कधीच सुटलेली होती.

"डबा दे," आत्या मला म्हणाली.

मी डबा दिला. तिने आरसा न बघताच पफ स्वतःच्या नाकावर फिरवला, मग डोळ्यांखाली, मग पुन्हा नाकावर. "चमकायला लागलंय," ती म्हणाली. मग बाबांच्या पाठीकडे बघून म्हणाली, "सरळ्या, खांदे थोडे रुंद केलेस. मी एवढी जाडी नाही."

"आहेस," बाबा म्हणाले.

चार वाजून एकावन्न मिनिटांनी मी अर्ज पाठवला. जेवायला बसलो तेव्हा आई म्हणाली की हे दोघं पांढऱ्या तोंडांनी ताटावर बसलेत, कुणी बाहेरचा आला तर घाबरून जाईल.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दहांत बाबांचा क्यू होता. मी दुकानातून ओरडत घरी गेले, अर्धवट शिवलेलं कुणाचं तरी ब्लाउज हातातच. बाबा म्हणाले, "बरं," आणि मशीन सुरू केलं. दोन मिनिटांनी बंद केलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "ताईला कुणी सांगितलं का?"

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. मोठा हॉल, काचेच्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर वरून दिवा. बाबांचा क्यू सातव्या पेटीत. आम्ही वाकून बघितलं तर काय, काचेवर चकाकी, पॉलिशवर चकाकी, खूण कुठे दिसेल तर शपथ. लोक येत होते, "छान आहे" म्हणत होते आणि पुढच्या पेटीकडे जात होते.

आत्या अर्धा मिनिट बघत राहिली. पावडर इथे काही चालणार नव्हती, तेवढं तिलाही कळत होतं. मग तिने पिशवीतून आपली काळी छत्री काढली आणि भर हॉलमध्ये उघडली. राखणदार धावत आला, "बाई, इथे छत्री उघडायची नाही." आत्याने त्यालाच दंडाला धरून पेटीसमोर उभं केलं, छत्री दिव्याच्या आड तिरकी धरली, जरा डावीकडे, केसभर उजवीकडे. काच साफ झाली. काळ्या लाकडावर शिंपल्याची खूण वर आली.

"दिसली?" तिने विचारलं.

"दिसली," तो म्हणाला.

त्याने तिला परत काही म्हटलं नाही. उलट स्टूल आणून दिलं. आत्या काही त्याच्यावर बसली नाही. संध्याकाळी हॉल बंद होईपर्यंत ती सातव्या पेटीशी छत्री धरून उभी होती, हात बदलून बदलून. बाबा कोपऱ्यात भिंतीला टेकून लांबूनच बघत होते. मी दोनदा म्हटलं, आत्या, मी धरते. तिने ऐकलं नाही. जो येईल त्याला थांबवायची, मान जराशी वळवायला सांगायची आणि बोट दाखवून म्हणायची, "ही सरळ रेघ आहे ना, तो माझा भाऊ. त्याने केलाय हा क्यू. आणि ही चौकट दिसतेय का? ती मी."